समुद्रापलीकडं वाट्यानं दिलेली मेंढरं

घरात आमची दखनी आणि बाजारात मराठी. अब्बांचा राग, हट्ट आणि सौदा हे सगळं मात्र मराठीतच व्हायचं, त्यामुळं ही हकीकत मला दुसऱ्या भाषेत सांगताच येणार नाही.

अब्बा लोणंदचे, शेळ्यामेंढ्यांचे व्यापारी. मी त्यांची थोरली. लग्न होऊन सांगलीला आले. नवऱ्याचं हळदीचं दुकान आहे आणि त्याचे बँकेचे व्यवहार मी बघते. एवढ्यावरून अब्बांनी ठरवून टाकलं होतं की पैशातलं मला सगळं कळतं. कळतं असं चारचौघांत म्हणायचे, आणि करायचे मात्र स्वतःच्या मनाचं.

अम्मीला घेऊन हजला जायचं, ही त्यांची एकच मोठी इच्छा होती. अम्मीनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. साडीसुद्धा आम्ही नेली तर नेसायची. हे एक तेवढं तिनं मागितलं होतं, लग्न झाल्या झाल्या, आणि अब्बा म्हणाले होते, "नेतो की." त्या 'नेतो की'वर ती म्हातारी झाली. पैसे साठत होते, नाही असं नाही. पण रक्कम पुरी व्हायच्या बेताला आली की खर्च पुढं सरकलेला असायचा. इकडं तिचे गुडघे गेले. ओट्यावरून उतरतानाही ती भिंत धरायला लागली. "लय चालावं लागतंय म्हणं तिथं," ती म्हणायची, "पाय हायत तवर न्या म्हंजे झालं."

आता कुणी म्हणेल, बँकेत ठेवायचे पैसे, वाढले असते. इथंच तर घोडं अडलं होतं. हजचा पैसा चोख पाहिजे आणि व्याज आमच्यात हराम, त्याला अब्बा शिवायचे नाहीत. बँकेनं आपणहून जमा केलेलं व्याजसुद्धा ते दरवर्षी काढून गावातल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला द्यायचे. माझ्या नवऱ्यानं एकदा एफडीचं सुचवलं. जावई म्हणून त्याच्यासमोर हसले आणि नंतर फोन करून मला झाडलं.

त्यांना पटायचा तो एकच मार्ग, वाट्याचा. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. ज्याच्याकडं पैसा आहे पण रान नाही, तो मेंढरं घेऊन मेंढपाळाला वाट्यानं देतो. मेंढरं याची, राखण त्याची, पिल्लं निम्मी निम्मी. कागद नाही, सही नाही. एखादं जनावर मेलं तर राखणारा त्याचा कान कापून आणून दाखवतो आणि विषय संपतो. अब्बांनी जन्मभर असे वाटे केले, आणि एकानंही त्यांना फसवलं नाही.

त्यात एक दिवस सुभेदारकाका आले. साताऱ्याजवळच्या गावचे, फौजेतून रिटायर झालेले, अब्बांचे जुने दोस्त. गावजेवणाची बकरी त्यांच्या वाड्यावस्तीवर वर्षानुवर्षं अब्बाच देत आले. काका म्हणाले, "गड्या, एक स्कीम हाय. तुझ्या कामाची. व्याज न्हाई, काय न्हाई, नुसता वाटा." आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात मेंढ्यांचा मोठा फार्म. आपण पैसे घालायचे, आपल्या नावावर मेंढरं घेतली जाणार, ती तिथंच चरणार, आणि हजच्या दिवसांत कुर्बानीसाठी जहाजानं पलीकडं हजच्या जागीच नेऊन विकली जाणार. नफ्यात निम्मा वाटा आपला.

बघा कसं नेमकं बसलं. वाटा, मेंढरं आणि हज. अब्बांसाठी कुणी माप घेऊन शिवलं असतं तरी इतकं बेतशीर झालं नसतं.

साताऱ्यात त्यांची सभा होती, हायवेच्या एका हॉटेलात. मला सांगलीहून बोलावून घेतलं, "तू शिकल्याली हायस, काय त्ये तोलून बघ." हॉल भरलेला. निम्मे रिटायर फौजी, ताठ बसलेले, वेळेच्या आधी आलेले. समोसे, चहा, आणि टाय लावलेला एक पोरगेला माणूस. त्यानं पडद्यावर व्हिडिओ लावला. लाल माती, काटेरी झुडपं आणि नजर पोचेल तिथवर मेंढरं. पांढरी, काळ्या तोंडाची, जाड शेपटाची.

अब्बा उठले. मी त्यांचा सदरा धरला होता, तो सोडवून घेऊन पडद्याजवळ गेले. म्हणाले, "जरा थांबवा त्ये. डावीकडच्याचं तोंड दावा." त्या पोरानं गोंधळून व्हिडिओ थांबवला, मागं घेतला. अब्बांनी डोळे बारीक करून एकेक जनावर बघितलं. पाठ बघितली, पाय बघितले, लेंडी कशी आहे ते बघितलं. मग ते वळले आणि म्हणाले, "जनावर चांगलं हाय. चारापाण्याला कमी न्हाई. राखणारा मानूस जाणता हाय."

झालं. टायवाल्यानं तासभर बोलून जे जमलं नव्हतं ते अब्बांनी एका वाक्यात करून दिलं. मागच्या रांगेतले दोघंतिघं फौजी लगेच पैसे घालायला पुढं आले. सुभेदारकाकांनी अभिमानानं माझ्याकडं बघितलं. अब्बा खोटं बोलत नव्हते. ती मेंढरं खरंच चांगली होती. कुणाची होती एवढंच त्या व्हिडिओत नव्हतं.

बाहेर येऊन स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मला तोलायला बोलावलं होतं, म्हणून मी तोलायला लागले.

"अब्बा, रोग आला आन मेली तर?"

"मरत्यात की. हितं मरत न्हाईत व्हय? धरून चालायचं."

"भाव पडला तर?"

"हजच्या दिसात मेंढराचा भाव पडल्याला कुणी सांगितला तुला?"

"कंपनीला परवानगी कुणाची हाय? भांडण झालं तर कोर्ट कुठलं? आपलं का त्यांचं?"

"वाट्यात कोर्ट असतंय व्हय गं?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. "चाळीस वर्सं वाटं केलं, कवा कोर्टात गेलोय मी?"

मग मी माझ्या मते हुकमाचं पान टाकलं. "तुमी वाट्याची मेंढरं बघायला रानात जाता. पावसात जाता, तापात जाता. ही बघायला कसं जानार?"

अब्बांनी बशी खाली ठेवली. क्षणभर मला वाटलं, लागलं ठिकाणी. पण त्यांचं तोंड उजळलं. "हजला जाईन तवा वळखीन की. तिथंच तर येनार हायत." आणि हसले, लहान मुलासारखे.

मी काय त्या पैशाची मालकीण होते? मला चीड आली, रडूही आलं. सांगलीची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसले. कऱ्हाडपर्यंत खिडकीबाहेर बघत स्वतःशीच भांडत होते. घरी पोचल्यावर अम्मीला फोन केला, म्हटलं, तू तरी सांग. अम्मी म्हणाली, "मी काय सांगू बाई? माझ्याच पायी करायला लागल्यात."

त्यांनी हजचे सगळे पैसे घातले.

पहिले काही महिने अब्बा नुसते पिसासारखे हलके झाले होते. मोबाईलवर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये मेंढरांचे फोटो यायचे, कानात बिल्ले मारलेले, बिल्ल्यावर नंबर. कान दिसला की अब्बांचा जीव भांड्यात. बाजारात चहाच्या टपरीवर मोबाईल फिरवायचे, "ही आमची, तिकडची." मग पहिला वाटा आला. कंपनीनं विचारलं, पैसे काढायचे का पिल्लं वाढवायची? मी फोनवर ओरडले, काढा, आत्ताच्या आत्ता काढा. तर म्हणाले, "कवळी पिल्लं कुणी इकतं व्हय? याड लागलंय तुला." बाजारातला नियम म्हणून तो अगदी बरोबर होता.

आणि हिवाळ्यात हज कमिटीच्या सोडतीत दोघांचा नंबर लागला.

अम्मीनं मला स्वतः फोन केला. एरवी ती फोन लावून देणारी, बोलणारी नव्हे. म्हणाली, "लागला गं," आणि रडायलाच लागली. मीही दुकानात हळदीच्या पोत्यावर बसून रडले. आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या काकूंनी पेढे वाटले. अम्मी रोज संध्याकाळी गल्लीतून फेऱ्या मारायला लागली, गुडघ्याला पट्टा बांधून. चालायची सवय पाहिजे म्हणायची.

पहिला हप्ता भरायचा होता. अब्बांनी कंपनीला कळवलं, माझी मेंढरं विका. तिकडून उत्तर आलं, सध्या साथ आहे, जनावर हलवायला बंदी आहे. अब्बांनी ते खरं मानलं. खरं मानून वर विचारलं की कुठली साथ, तोंडात फोड येतात का पाय सुजतात, लस टोचली का. मला म्हणाले, "त्यास्नी कळत नसंल, मी सांगतो इलाज." व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक बोलून इलाज पाठवला. दोन निळ्या रेघा उमटल्या. उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात फोन लागेना, आणि मग मोबाईलमधलं ते अ‍ॅपच उघडेना.

सुभेदारकाका आले. त्यांचेही पेन्शनचे पैसे त्यातच होते. दोघं ओट्यावर बसले. काकांनी एवढंच म्हटलं, "गड्या, मीच आणली ही." अब्बा म्हणाले, "आन मीच पास केली." हॉलमधले ते मागच्या रांगेतले फौजी अब्बांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मी दोघांना घेऊन साताऱ्याला पोलिसांत तक्रार द्यायला गेले. साहेब माणूस बरा होता. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. कंपनीचं इथं काहीच नाही, हॉटेलचा हॉल एका दिवसापुरता घेतलेला, तो टायवाला कुठला कुणाला ठाऊक नाही. "बाहेरच्या देशातलं आहे, वेळ लागेल," ते म्हणाले. अब्बांनी मोबाईल पुढं केला आणि कानातले बिल्ले दाखवायला लागले, नंबर वाचून. साहेबांनी वाचू दिलं. कुणालातरी थांबवायला हवं होतं, पण माझ्याच्यानं झालं नाही.

मग मी आणि नवऱ्यानं ठरवलं, आपण भरू. हळदीत पैसा अडकला होता तरी काहीतरी उभं केलं असतं. लोणंदला जाऊन सांगितलं. अब्बा म्हणाले, "लेकीच्या घरातनं घिऊन? न्हाई." मी म्हटलं, भेट समजा. न्हाई. उसने समजा. "डोक्यावर देणं ठिवून हज व्हत न्हाई." मी अम्मीला म्हटलं, अगं तू तरी बोल, तुझं आहे हे. अम्मीनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेव." माझा नवरा खाली मान घालून जेवला. मी नाही जेवले. भरायची मुदत टळली आणि त्या दोघांचे नंबर दुसऱ्या कुणाला तरी गेले.

उन्हाळ्यात गल्लीतल्या मावशी निघाल्या, त्यांच्या मुलाबरोबर. अम्मीच्याच वयाच्या, तिच्याबरोबरच त्यांचा नंबर लागलेला. हजला जाणाऱ्याला गळ्यात हार घालून पोचवायचं आणि आपल्यासाठी तिथं काय मागायचं ते कानात सांगायचं, असं आमच्यात असतं. अख्खी गल्ली जीपभोवती जमली होती. अब्बा आले नाहीत. सकाळीच बाजाराला म्हणून बाहेर पडले होते, आणि त्या दिवशी बाजार नव्हता.

अम्मी भिंत धरत गेली. मी तिचा दुसरा हात धरला होता. तिनं हार घातला, मावशींचे दोन्ही हात हातात घेतले. मावशींनाच रडू फुटलं. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी काय मागू सांग. तुझं गुडघं मागू? तुमचं पैसं परत मिळाया मागू? पुढच्या साली तुझा नंबर मागू?"

मला वाटलं, नंबरच मागेल. तिचाच तो हक्क होता.

अम्मी म्हणाली, "त्ये काय नको. थंडीपासनं ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई. जेवताना न्हाई, बोलताना न्हाई. तेवढं बघाया लागू दे म्हणून माग."

जीप सुरू झाली. मी अम्मीला घरी आणलं. संध्याकाळी अब्बा आले, चप्पल काढली, आणि जमिनीकडं बघत मला विचारलं, "गेली का गं मावशी?" अम्मी तिथंच समोर उभी होती.