वहिनींनी लावलेली वेल

वहिनी गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. हातातला पेपर पुरा केला आणि पालघरहून केळव्याची एसटी धरली. वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. त्यांच्याबद्दल नीट काहीतरी लिहावं, असं महिनाभर मनात आहे.

आठ वर्षांपूर्वी त्यांच्या छातीतली कॅन्सरची गाठ मुंबईत काढली, मग महिनाभर किरणांचे शेक दिले. घरी आल्या आणि ताटवाटी वेगळी केली, परसातल्या खोलीत निजू लागल्या. सून सुनीता तान्ह्या मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवायला गेली, तर हात मागे घेतले. आमच्याकडे पानवेलीच्या वाडीत आंघोळ करून, चपला बाहेर काढून जायचं. वेल फार नाजूक. बावीस वर्षं ती वाडी राखणाऱ्या वहिनी आता कुंपणाशीच थांबायच्या... एका रविवारी मी सरळ विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या,

"वन्सं, तारापूरच्या अणुभट्टीत त्या किरणांभोवती केवढ्या जाड भिंती बांधल्यात. माझ्यात ते भरून पाठवलेत. पोरीला कशी घेऊ? वेलीला हात कसा लावू?"

असं काही नसतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मीही सांगितलं.

"तुमी शिकलेल्या. तुमाला सांगायला काय जातंय?"

मग म्हटलं, लावूनच बघू. परसात एकाच दिवशी वेलीचे दोन तुकडे लावले, एक त्यांनी, एक मी. त्या रोज वाकून बघायच्या. दोन घासांपलीकडे जेवण जात नव्हतं. काही आठवड्यांनी माझा तुकडा कुजला आणि त्यांच्याला पान फुटलं.

"वन्सं, तुमाला कुठं शेक दिलेला?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग आत जाऊन नात उचलली.

भीती पुरती गेली नाही. तपासणीची तारीख जवळ आली की पुन्हा घास उतरत नसे, आणि ते त्या लपवत नसत. पण बोईसर, पाम, मुरबे अशा आसपासच्या गावांत कोणी बाई उपचार घेऊन आली की वहिनी तिच्याकडे जायच्या. उपदेश नाही. केस सोडून तिच्या पुढ्यात बसायच्या, "वेणी घाल गं माझी." बाई आधी विचारायची, "माझा हात लावला तर चालेल?" वेणी होईपर्यंत बोलू लागायची... चौथी शिकलेल्या वहिनींनी हे स्वतः शोधून काढलं. मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. मला ते सुचलं नसतं.

यंदा दुखणं उलटलं. शेवटच्या आठवड्यात पामची एक बाई रोज येऊन त्यांची वेणी घालत होती.

तेराव्यानंतर त्यांच्या वस्तू समुद्रात सोडायला गाठोडं बांधलं. शेजारणीनं कंगवा दोन बोटांनी उचलून त्यात टाकला. सुनीतानं तो बाहेर काढला, धुतला आणि मुलीला पुढ्यात बसवून तिचे केस विंचरायला घेतले. गुंता ओढला म्हणून मुलगी कुरकुरली.