गोरेगावच्या बुकिंगमावशी

बुकिंगमावशी हॉटेलला फोन लावायच्या तेव्हा मॅनेजरशी फारसं बोलायच्याच नाहीत. "साहेब, आप रहने देव. चादरा कौन धोता? उसको फोन देव," असं आपल्या मराठवाडी हिंदीत ठणकावून सांगायच्या. पलीकडचा माणूस आधी हसे, मग चिडे आणि शेवटी खरोखरच कुणाला तरी हाक मारी. मग त्या धुणाऱ्या बाईशी मावशींच्या घरच्यासारख्या गप्पा सुरू. ऊन पडतं का, चादरी कुठं वाळत घालता, पगार वेळेवर होतो का. फोन ठेवला की आमच्याकडे वळून निकाल देत. "हितं जाऊ नका. चादर वाळायच्या आधीच अंथरून राहिले." नाहीतर, "जा बिनघोर. बाई खुशीत हाय." मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हातातला चहा प्यायचाच विसरले. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात, सोयाबीनच्या पोत्याला टेकून बसलेली एक बाई दूर जयपूरच्या कुठल्याशा धोब्याला त्याच्या लेकरांची नावं विचारत होती!

त्या आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहत. साठीच्या आसपासच्या, उंच, किडकिडीत. नवरा कधीच गेलेला. मुलगा विलास, सून आणि नातवंडं असं घर. विलासचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि मावशी घरचं सगळं बघत. एकदा ओल्या अंगणात पाय घसरून त्यांचं हाड मोडलं आणि त्या कितीतरी दिवस बाजेवर पडून राहिल्या. करमेना म्हणून सुनेनं आपला जुना फोन दिला. इतर बायका त्यात मालिका बघतात. मावशींना मात्र हॉटेलांबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय सापडले आणि त्या त्यांतच रमल्या. सातवीपर्यंतच्या शाळेत वाचायची गोडी लागली होती, ती अशी कामी आली. इंग्रजीत लिहिलेलं असलं तर फोन त्याचं मोडकंतोडकं मराठी करून देई. "बाई, लोक काय काय लिहितात!" त्या मला सांगत. मी शाळेत शिकवते म्हणून मला त्या बाईच म्हणत. "एकाचं भांडण झालं बायकोसंगं, अन् राग हाटेलच्या वरणावर काढून राहिला."

हळूहळू सगळं गाव त्यांच्याकडे येऊ लागलं. कुणाला तिरुपतीला जायचं असे, कुणाला लेकीच्या लग्नानंतर जोडप्याला महाबळेश्वरला पाठवायचं असे. तालुक्याच्या सेनगावहूनही माणसं जीपमध्ये बसून येत. सगळ्यांची मागणी एकच, परवडणारं पण बरं हॉटेल. मावशी एक पैसा घेत नसत. "सस्तं अन् हलकं यात फरक हाय," हे त्यांचं पहिलं वाक्य असे. हॉटेलवाल्यानं टाकलेले फोटो त्या बघतच नसत. "तो नवरीचा फोटू. बराबर दिसायचाच. गिऱ्हाइकानं काढलेला दाखव, त्यात मोरी दिसती."

वाईट अभिप्राय आला म्हणून त्या हॉटेल सोडून देत नसत, याचं मला फार नवल वाटे. मी एकदा विचारलं, "मावशी, याच्या तर इतक्या तक्रारी आहेत." त्यांनी मला खालची ओळ दाखवली. तिथं मालकानं प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. "तकलीफ तर सगळीकडंच असती, बाई. मालक उत्तर कसं देतो ते बघावं. ह्यो भांडत न्हाई, चुकलं म्हणतो. हितं जावं." शहरासाठी त्यांचा नियम होता, स्टेशनापासून जवळ पण मागच्या गल्लीत. पहाडासाठी वेगळा. "पहाडात नजाऱ्याचे पैसे देऊ नका. नजारा भायेर फुकट असतो. गरम पानी अन् रजई इचारा."

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दिल्ली आणि पुढं नैनितालच्या अलीकडचं एक छोटं पहाडी गाव असा बेत केला. मी, माझे यजमान, माझ्या शाळेत शिकवणारी शबाना आणि तिचे मिस्टर रफीकभाई. हॉटेलं अर्थातच मावशींनी ठरवली. शबाना त्यांना म्हणाली, "तुम्ही बुक केलंय, तर तुम्हीच चला. खराब निघालं तर भांडायला कुणीतरी पाहिजे." मावशींनी नाही-नाही केलं. सून कुरकुरली. शेवटी विलास म्हणाला, "जाऊन ये." मावशींचा विचार आमच्या खोलीत जादा गादी टाकून झोपायचा होता. शबानानं ऐकलं नाही. तिनं त्यांना तिसरी खोली घ्यायला लावली.

दिल्लीत दुपारी पोचलो. हॉटेल मावशींनी सांगितलं होतं तसंच निघालं. मागच्या गल्लीतलं, अरुंद, स्वच्छ. हातपाय धुऊन चहाला खाली जमायचं ठरलं. आम्ही चौघं जमलो, मावशींचा पत्ता नाही. मी वर जाऊन दार वाजवलं. आवाज नाही. फोन लावला, तो आतल्या आत वाजत राहिला. यजमान आले, रफीकभाई आले. मॅनेजर दुसरी किल्ली घेऊन धावत आला. कुलूप उघडलं, पण दार हलेना. आतून कडी होती. "बुजुर्ग हैं क्या? बीपी वगैरह?" मॅनेजरनं विचारलं. विलासला काय सांगायचं? आमचे यजमान दारावर खांदा लावायच्या बेतात होते, तेवढ्यात कडी सरकली. मावशी दारात उभ्या. न्हालेल्या, केस मोकळे, तोंडावर पाण्याचे थेंब.

"काहून ओरडून राहिले?" त्या म्हणाल्या. "काय झालं?"

"मावशी, किती हाका मारल्या! जीव गेला आमचा!"

त्या ओशाळल्या. पलंगाच्या कडेला बसल्या. पलंगावरची चादर जराही चुरगळलेली नव्हती. "ऐकू आलं मला," त्या हळूच म्हणाल्या. "पन उठावं वाटेना. कडी लावून नुसती बसले होते. घरी मी दाराजवळच्या पडवीत निजते, बाई. माहेरी आमी सात जनी एका खोलीत. लग्न झालं तर सासूच्या खोलीत. आतून कडी लावायचं मला कधी कामच पडलं न्हाई. म्हनलं, बघावं कसं वाटतं."

मग शबानानं विचारलं, "मावशी, याआधी कुठल्या हॉटेलात राहिलात तुम्ही?"

"कुठल्याच न्हाई. ह्ये पहिलंच."

"क्या बोल रहे मावशी!" शबाना ओरडलीच. "मेरी ननद का हनीमून आपने बुक किया!"

अर्ध्या तालुक्याला हॉटेलं लावून देणारी ही बाई आयुष्यात एकदाही हॉटेलची पायरी चढली नव्हती. लोकांनी लिहिलेलं वाचून वाचून तिनं सगळं उभं केलं होतं, गाद्या, मोऱ्या, खिडक्या, सगळं.

पहाडातलं हॉटेल मोजक्या खोल्यांचं होतं. गाडी दारापर्यंत जात होती, पाणी कढत होतं, रजया जड होत्या. मालकीण एक पहाडी विधवा होती. सगळे तिला दीदी म्हणत. गाडी थांबताच ती धावत आली आणि मावशींना मिठीच मारली. "आ गई मेरी हिंगोलीवाली!" दोघींची फोनवरून इतकी दोस्ती होती, याची आम्हाला कल्पना नव्हती. दीदीचे हात संधिवातानं वाकडे झालेले. फोन उचलणंही तिला जड जाई. आम्ही तलाव बघायला गेलो की मावशी मागं राहत. परत यावं तर त्या स्वयंपाकघरात. एका संध्याकाळी तिथल्या पाहुण्यांनी मावशींच्या हातची पिठलं-भाकरी खाल्ली आणि भाकरी पुन्हा पुन्हा मागितली. मला वाटलं, मावशींना सवयीनं राहवत नाही.

निघायच्या सकाळी गाडीत सामान चढवताना रफीकभाई म्हणाले, "मावशी की बैग नहीं दिख रही." मी त्यांच्या खोलीत गेले. पिशवी खुंटीला टांगलेली. लुगडी कपाटात घडी करून ठेवलेली. मावशी खिडकीपाशी उभ्या होत्या.

"मावशी, चला. गाडी लागली."

"मी न्हाई येत, बाई."

मला आधी ऐकूच नीट आलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, "दीदीनं इचारलं, हितं ऱ्हातीस का म्हणून. फोन घ्यायचे, सैपाकाकडं बघायचं. ही खोली अन् पगार. मी व्हय म्हनले."

"अहो, काय बोलताय! विलासला काय सांगू मी? लोक काय म्हणतील?"

"सांगा, आई कामाला लागली."

"तुम्हाला घरी कुणी काही बोललं का? छळतात का?"

"न्हाई वो. पोरगं गुनाचं हाय. सून बी बराबर हाय. कोनी वाईट न्हाई." त्यांनी माझा हात धरला. "वाईट असतं कोनी, तर सोडून येनं सोपं गेलं असतं."

मी रागावले, समजावलं, शेवटी रडले. आमचे यजमान खालून हॉर्न वाजवत होते. दीदी दाराबाहेर मान खाली घालून उभी होती. मावशी आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आल्या. शबानाच्या हातात त्यांनी वाटेसाठी पराठ्यांचा डबा दिला. गाडी वळली तेव्हा त्या हात हलवत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

गोरेगावात जे व्हायचं ते झालं. विलास माझ्या अंगणात येऊन ओरडला, "मॅडम, तुमीच नेलं, तुमीच आणून द्या!" कुणी म्हणालं, भूल घातली. कुणी पोलिसांत जा म्हणालं. सून दिवसभर कामानं वाकून जाऊ लागली आणि माझ्याकडे बघेनाशी झाली. पण संध्याकाळी दळण घेऊन जाणाऱ्या बायका माझ्या ओट्यापाशी हळूच थांबत. आवाज खाली करून विचारत, "बाई, खरंच तिला स्वतःची खोली दिली का हो?" मी हो म्हणे. त्या डोक्यावरचं दळण सावरून पुढं जात.

पेरण्या आटोपल्यावर विलास आईला आणायला निघाला. दुकान बंद ठेवून, हिंगोलीहून गाडी पकडून, एकटाच गेला. आठवड्यानं परतला तो सरळ आमच्याकडे आला. ओट्यावर बसला. मी पाणी दिलं. त्यानं पिऊन तांब्या खाली ठेवला.

"भेटल्या का मावशी?" मी विचारलं.

"भेटली. मी फाटकातच होतो, मॅडम. आतून कुणीतरी जोरजोरात हसून राहिलं होतं. अगदी पोट धरून. मला वाटलं, कोणी गिऱ्हाईक असंल." तो थांबला. "आई होती. चाळीस वर्षांचा झालो मी. तिचं हसणं मला वळखता आलं न्हाई."

विचारावं की नाही कळेना, तरी विचारलं, "मग?"

"मग काय." विलास उठला, अंगावरची धूळ झटकली. "ठेवून आलो."