मुडद्याची बोटं

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा गावातलेच लोक नाटक करतात. मी शाळेपासून त्यात काम करतो. गेल्या वर्षी मला बापाची भूमिका होती. पोराच्या प्रेतावर पडून रडायचं होतं. संवाद तोंडपाठ, पण तालमीत चेहरा काही हलेना. तालीम घेणारे काका भडकले, "काऊन रे, तोंड हापिसातच ठेवून आलास का?"

डोकंच फिरलं माझं. दिवसभर खरेदी केंद्राच्या कॉम्प्युटरवर धानाची ऑनलाइन नोंदणी करून पाहा म्हणावं! सर्व्हर अडकतो, समोरचा शेतकरी कावतो आणि मी स्क्रीनवरून नजर न हटवता एकाच सुरात म्हणतो, "थांबा, लोड होऊन राहिलं." डोळे लाल, मान पुढे आलेली. घरीही त्याच सुरात बोलतो म्हणून बायको भांडते. मी तिला "हो" म्हणतो.

शेवटी काकांनी बाप दुसऱ्याला दिला आणि मला प्रेत केलं. "नुसतं पडून राहा लागते. तेवढं तं जमते याले."

प्रयोगात मी छातीवर हात ठेवून निपचित पडलो. बाप असा रडला की बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अवो माय, मुडदा तं टायपिंग करून राहिला!"

सगळा मंडप हसला. मी झटकन मुठी आवळल्या, तर अंगठा सुरू झाला.