लायसनची नखी

वडवणीच्या आमच्या बँजोवाल्याला गिटारच्या नख्यांचं पाकीट पुण्याहून आणून दिलं, ही अक्कल माझीच. तोवर तो डब्याच्या झाकणाच्या तुकड्यानं तारा छेडायचा आणि सुखात होता. आता पातळ, मधली, जाड अशी एकेक नखी तो तारेवर फिरवतो, डोळे मिटतो आणि शेजारी असेल त्याला विचारतो, “कोणती गोड?” उत्तर काहीही द्या, त्याचं ठरलेलं, “न्हाई, परत ऐका.”

माझ्या भाच्याच्या लग्नात तर कहर झाला. नवरदेव मारुतीपुढं घोड्यावर ताटकळलेला, अक्षतांची वेळ जवळ आलेली, मंडपातून फोनावर फोन. आणि हा बँजो मांडीवर घेऊन नख्या बदलतोय.

“मामा, पातळ लई किणकिणतीय. जाडीनं तार दबतीय. मधली बोटात फिरतीय.”

“अहो, कोणतीही घ्या! वऱ्हाड नाचायला आलंय, ऐकायला नाही.”

“वाजलं न्हाई नीट, तर इज्जत तुमची जाईल.”

माझं डोकंच फिरलं. खिशातलं लायसन काढून त्याच्यापुढं आपटलं. “मग ह्याची कापा!”

मी टोमणा मारला होता. त्यानं कात्री काढली. फोटोकडचा कोपरा कापला, कडा घासल्या, तार छेडली आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

“आत्ता कसं! आधीच द्यायचं न्हाई का, मामा?”

उरलेलं लायसन त्यानं अदबीनं माझ्या हातात ठेवलं. वरात हलली, अक्षता वेळेवर पडल्या. तेव्हापासून तालुक्यात कुणाचंही लग्न असो, माझा अर्धा चेहरा तिथं वाजत असतो.