बाळूला मारलेली हाक

मंडळी, देवापुढं दिवा लावला, पण मन थाऱ्यावर नाही म्हणून लिहिते.

आमचे हे बारामतीत फुटबॉल खेळायचे. उजवीकडून बाळू पास द्यायचा आणि हे गोल करायचे. एका सामन्यावरून परतताना मोरगावच्या रस्त्यावर बाळूची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. तेव्हापासून ह्यांनी बॉलला पाय लावला नाही. पुढं संघाचे मॅनेजर झाले, तरी बाहेर आलेला बॉल हातानंच उचलून देतात.

आज इंदापुरात सामना होता. संघासाठी सरबत मी घरूनच करून नेते, बाटल्या विकत घेणं परवडत नाही, म्हणून मीही तिथं होते. बरोबरी चालली होती. रेषेबाहेर उभे असलेले हे अचानक हात वर करून ओरडले, "बाळू, हितं दे!"

उजवीकडं खेळणाऱ्या विशालनं खरंच ह्यांना पास दिला. ह्यांनी तो पायानं अडवला आणि बॉलकडं बघतच राहिले. बॉल रेषेबाहेर गेला म्हणून थ्रो समोरच्या संघाला मिळाला, त्यावरच गोल झाला आणि आम्ही हरलो.

"मॅनेजरला पास देतात व्हय रं?" पोरं विशालवर चिडली.

"सर मोकळे दिसले, दिला," तो म्हणाला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "आता सोडतो हे काम. पोरांचं नुकसान नको." मग थोड्या वेळानं, "पास मात्र बाळूचाच होता गं."

ह्यांना सोडू द्यावं का, तुम्हीच सांगा. मैदान सुटलं तर ती हाक घरात निघेल, आणि इथं पास द्यायला कुणी नाही.