मोरीखालचं पाणी

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आलो. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, असल्या गोष्टींवर विश्वास कधी नव्हताच... आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं ते फक्त सांगतो.

शहादा तालुक्यात गोमाई नदीच्या काठी आमचं जुनं घर आहे. पाया दगडाचा, वर विटा. मागच्या खोलीची भिंत खालून कायम ओली असायची. माझी बायको कमल त्याच खोलीत झोपायची. "वरतून प्लास्टर करीसन काय व्हई? पानी पायामा शे," असं ती कितीदा म्हणाली. मी तीनदा प्लास्टरच केलं. गेल्या पावसाळ्यात तिचा दमा वाढला, आणि दिवाळीआधी ती गेली.

उन्हाळ्यात शेवटी पाया उघडायला काढला. तळोद्याहून मिस्तरी बोलावला. माणूस गावात पहिल्यांदाच येत होता. बाहेरून त्या खोलीचा कोपरा खोदायला सांगितलं, घराला कुलूप लावलं आणि सिमेंट आणायला गेलो. अकराच्या सुमारास परतलो तर मिस्तरी कोपरा सोडून मोरीच्या भिंतीबाहेर खोदतोय!

"आठे खोदाले कोनी सांगं?"

"बाईसनी. मांगला दारमा उभ्या व्हत्यात ना... म्हनेत, मास्तर मन्हं ऐकत नही, दादा. तूच मोरीखाले खोद."

कुलूप काढून आत गेलो. मागच्या दाराला आतून कडी तशीच होती — सकाळी मीच लावलेली.

मोरीखालचा पाइप फुटलेला निघाला. किती वर्षं पाणी पायात मुरत होतं कोण जाणे. भिंतीच्या विटा हाताने कुस्करल्या जात होत्या. मी कमलचा फोटो आणून दाखवला. मिस्तरी लगेच म्हणाला, "ह्याच." मग फोटोवरचा हार दिसला, आणि तो थापी खाली ठेवून तसाच बसून राहिला.

पाइप बदलला, भुसभुशीत विटा काढून नव्या बसवल्या. भिंत आता कोरडी आहे. शेजाऱ्यांपैकी कुणीच मिस्तरीशी बोललं नव्हतं, सगळ्यांना विचारून झालं. स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही. मी त्या दारात तासन्‌तास बसतो... मला काहीच दिसत नाही.

काम संपवून मिस्तरी निघाला तेव्हा मात्र राहवलं नाही. विचारलं, "रागमा व्हती का रे ती?"

त्याने पिशवी खांद्याला अडकवली.

"नही, गुरुजी. थकेल दिखत व्हत्यात."