शनिवारी कपडे धुताना पडणारा स्विच

दिवे गेले की आधी फ्यूज बघायचा, देवापुढे हात जोडायचे नाहीत, अशा घरात मी वाढलो. वडील वीज खात्यात, मी स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनियर, आणि वीस वर्षं मुलांना तेच शिकवतोय. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि बहुतेकदा हसतो. "वायर लूज असणार" हे माझं ठरलेलं उत्तर. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय याची मला लाज वाटतेय थोडी. पण तुमच्यापैकी कुणी इलेक्ट्रिकलचं असेल तर कृपया वाचा, आणि मला काही सुचवा... कारण मला खरंच कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. ऑस्ट्रेलियात टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत, तिथल्या भाषेत युनिमध्ये, मला नोकरी लागली आणि आम्ही तिथे एक जुनं लाकडी घर घेतलं. मी, माझी बायको वृंदा आणि नऊ वर्षांची केतकी. तिथली जुनी घरं लाकडी खांबांवर उचललेली असतात. राहायचं वर, आणि खाली मोकळ्या जागेत गाडी, अडगळ, एका कोपऱ्यात लॉन्ड्री. लॉन्ड्री म्हणजे काय, सिमेंटची जमीन, एक नळ आणि वॉशिंग मशीन. मीटरचा बोर्ड मात्र वर, पुढच्या व्हरांड्यात.

घराचं वायरिंग फार जुनं होतं, ते बदलून घ्यायचं ठरलं. पुण्यात मामाच्या फ्लॅटचं अख्खं वायरिंग मी कॉलेजात असताना केलं होतं. पण तिथे लायसन्स नसेल तर स्वतःच्या घरातला साधा पॉइंटसुद्धा बदलता येत नाही, मग तुम्ही इंजिनियर असा नाहीतर आणखी कुणी. म्हणून केव्ह आला. साठीचा, लाल चेहऱ्याचा, कमी बोलणारा इलेक्ट्रिशियन. आणि मी? मी सगळे दिवस त्याच्या मागे मागे. ही वायर इथून का, तो जॉइंट असा का... बिचारा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "शी'ल बी राइट, मेट." म्हणजे होईल सगळं ठीक. मला त्या वाक्याचा भयंकर राग यायचा. राइट काय डोंबल, मोजून दाखव ना!

काम झाल्यावर मी वही घेऊन बसलो. पुण्याहून आणलेला टेस्टर आणि युनितून आणलेला मीटर घेऊन वरच्या सगळ्या खोल्यांमधला एकेक पॉइंट दोनदा तपासला. छतात चढून पाहिलं. चूक सापडेना. शेवटी 'हॉलमधल्या प्लेटचे स्क्रू वाकडे' एवढंच लिहिलं. पेपर तपासताना मार्क कापायला कारण मिळालं नाही की मी असाच वागतो.

केव्हने बोर्डात नवा सेफ्टी स्विच बसवला होता. त्याला आपल्याकडे तेव्हा ईएलसीबी म्हणायचे. कुठे करंट गळायला लागला, कुणाला शॉक बसायची वेळ आली, की हा क्षणात सप्लाय तोडतो. फक्त एक लक्षात ठेवा, त्याला जोडलेल्या लाइनवर काय चाललंय तेवढंच त्याला कळतं. जी लाइन त्याच्यातून जातच नाही, तिचं त्याला काहीही कळू शकत नाही. पुढचं सगळं त्यावर आहे.

दोन आठवडे बरे गेले. मग एका शनिवारी सकाळी, दहाच्या सुमारास, टक् आवाज झाला आणि पॉवर गेली. केतकी टीव्हीसमोरून ओरडली, "मम! टीव्ही'ज गॉन!" वृंदा खालून वर आली. मी व्हरांड्यात जाऊन पडलेला सेफ्टी स्विच वर केला. सगळं पुन्हा सुरू.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच!

वृंदाच म्हणाली, "मी कपडे घेऊन खाली गेले की पॉवर जाते बघा."

"योगायोग," मी म्हणालो.

तिचा कपडे धुवायचा एक क्रम होता. लॉन्ड्रीला ती मोरीच समजायची. चपला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काढायच्या, नळ सोडून आधी जमीन स्वच्छ धुवायची, आणि मग ओल्या पायांनी मशीनकडे वळायचं. ती मशीनला हात लावणार, तेवढ्यात वर टक्. केतकीची हाक. ती पदर खोचलेली तशीच वर यायची आणि मग स्वयंपाकात गुंतायची. स्विच वर करून मी पायात रबरी चपला अडकवायचो आणि खाली जाऊन मशीन लावायचो. मी लावलं की काही होत नसे. अख्खे दोन तास मशीन फिरायचं, स्विच जागेवर.

मी वहीत सगळं टिपायला लागलो. फ्रिज चालू होता का, पाऊस होता का. वृंदाच्या चालण्याने जिना हलतो आणि कुठली तरी सैल वायर सुटते असं वाटून मी जिन्यावर दणादणा उड्यासुद्धा मारल्या. समोरचे शेजारी बघत राहिले. काही नाही. सहा शनिवार, सहा वेळा, फक्त वृंदा.

केव्ह तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा सगळं मोजलं आणि तिन्ही वेळा डोकं खाजवत म्हणाला, "कान्ट फॉल्ट इट, मेट." म्हणजे चूक काही सापडत नाही.

माझा निकाल लागला होता – केव्हने काम बिघडवलंय आणि कबूल करत नाहीये. मी लायसन्सवाल्या खात्याला दोन पानी तक्रार लिहिली. अशा तक्रारीने त्या वयात त्याचं लायसन्स गेलं असतं. वृंदाला ते पटलं नाही. "पुरावा नसताना?" ती म्हणाली. म्हणून पाकीट बंद करायच्या आधी मी दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावला, ग्लेन. मुद्दाम शनिवारी, सकाळी दहाला.

प्रयोगाची आखणी माझीच. ग्लेन आणि मी व्हरांड्यात, बोर्ड उघडा. वृंदाने नेहमीसारखं खाली जायचं, नेहमीसारखंच सगळं करायचं. "चप्पलसुद्धा काढ," मी बजावलं. "काहीही बदलायचं नाही."

खाली नळ वाजला. मग थांबला. आणि आमच्या डोळ्यांसमोर, कुणी हात न लावता, स्विच पडला. टक्.

"मम! अगेन!" आतून केतकी.

पण आज प्रयोग होता, त्यामुळे वृंदा वर आली नाही. खालून तिचा आवाज आला, "अहो, येऊ वर, की लावू मशीन?"

स्विच पडलाय म्हणजे खाली वीज नाहीच, असं धरून 'लाव' हा शब्द माझ्या जिभेवर होता. देवाशपथ सांगतो – हो, देवाशपथ – तोंड उघडलंच होतं मी.

ग्लेन बोर्डातली एक वायर बोटाने शोधत होता. तो एकदम ओरडला, "होल्ड ऑन, लव्ह! डोन्ट टच एनिथिंग!" आणि मला म्हणाला, "तुझी लॉन्ड्री या स्विचवर नाहीच आहे."

आम्ही खाली धावलो. वृंदा मशीनपासून हातभर अंतरावर उभी, अनवाणी, ओल्या सिमेंटवर. ग्लेनने तिला हळूच मागे घेतलं आणि मशीनच्या पत्र्याला मीटर लावला. दोनशे चाळीस व्होल्ट. भिंतीतल्या त्या पॉइंटमागे जुनी कुजलेली वायर होती. अर्थिंगची वायर तुटलेली, आणि तिचं मोकळं टोक लाइव्ह वायरला टेकलेलं. प्लगमधून तीच वीज थेट मशीनच्या अंगात. प्लॅस्टिकचा नॉब आणि रबरी चपला म्हणून मी वाचत होतो.

आणि ही लाइन सेफ्टी स्विचमधून जातच नव्हती. वर पॉवर गेलेली असतानाही मशीन तसंच जिवंत होतं. म्हणजे स्विच पडल्यामुळे धोका टळत नव्हता. स्विच पडला की केतकी ओरडायची, आणि वृंदा वर यायची... टळत होतं ते एवढ्यानेच.

मी जिन्याच्या त्या शेवटच्या पायरीवर, वृंदाच्या चपलांशेजारी, बसलो.

आता केव्हचं. त्याच्या कामाचा कागद मी फाइलमधून काढला. मागच्या बाजूला त्याने लिहिलं होतं, लॉन्ड्री केलेली नाही, मालक म्हणतात नवी आहे. तेव्हा मला आठवलं. खालच्या पॉइंटवर नवीकोरी पांढरी प्लेट होती. ती बघून मीच ऐटीत म्हणालो होतो, "दॅट वन इज डन. आय हॅव चेक्ड." मी तपासलं नव्हतं. वरचे सगळे पॉइंट दोनदा तपासले, हा एकदाही नाही.

तक्रार फाडली. केव्हला फोन करून माफी मागितली आणि घडलेलं सगळं सांगितलं.

"त्यानंतर पडला का परत?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग त्याला हात नको लावू, मेट." आणि फोन ठेवला.

त्याआधीच ग्लेनने लॉन्ड्रीची लाइन नवी करून स्विचला जोडली होती. दोन्ही लाइनींच्या न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरी, एकत्र झाल्या असतील, असं आता कुणी इंजिनियर म्हणेल. मीही तेच म्हणालो होतो. पण ग्लेनने जुन्या वायरी माझ्यासमोर सोडवल्या, कुठेही एकत्र नव्हत्या. तेव्हाच ग्लेनकडून स्विच काढून युनिच्या लॅबमध्ये नेला, अगदी निर्दोष निघाला, म्हणून तोच परत बसवला. आणि समजा गळती कळली असती, तरी हात लागायच्या आधी कशी कळेल? मी लावताना का नाही? टीव्हीवरच्या बातमीसारखं मला हे सरळ सांगता येतं, पण कारण विचारलंत तर माझ्याकडे नाही.

"मग केव्हचं वायरिंग बरोबर होतं की चूक?" वृंदाने एकदा विचारलं. आजवर हजारो पेपर तपासलेला मी पुन्हा वही उघडून बसलो. त्याने जे केलं ते सगळं बरोबर होतं, आणि त्या बरोबर केलेल्या कामात तो स्विच पडायला काहीही कारण नव्हतं.

त्या घरात आम्ही पुढे पाच वर्षं राहिलो. स्विच पुन्हा एकदाही पडला नाही. वृंदा आता चप्पल घालून खाली जायची, मी मात्र शनिवारी दहाला पेपर घेऊन व्हरांड्यात बसायचो, कान बोर्डाकडे लावून. नळ वाजायचा, थांबायचा, आणि मशीन सुरू झाल्याचा आवाज आला की माझा श्वास सुटायचा. स्विच पडत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी स्वतःला सांगायचो. आणि तरी दर वेळी वाटायचं, ठीक नसेल, तर आज ते मला कळेल का?